देशाचे नाव आणि जनपदनिरुत्ति

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाची गणना आपण 'गोंडवनात' करतो. भूगर्भशास्त्राने प्राचीन महाखंडास हेच नाव दिले. २०११ मध्ये गडचिरोलीस स्थापन झालेले विद्यापीठही 'गोंडवाना'च. तथापि 'गोंड' हे इतरांनी दिलेले नाव होय. ते लोक स्वतःस 'कोइतूर' म्हणवितात आणि गोंडी परंपरेचे आधुनिक लेखक आपल्या देशास 'कोयामुरी दीप' म्हणतात.

'दीप' हा शब्द पालीच्या अभ्यासकास परिचित आहे. सम्राट अशोकाने रूपनाथच्या लघुशिलालेखात देशाचे 'जंबुदीप' हे नाव कोरविले, तेही संस्कृतात नव्हे, प्राकृतात. एवढ्या साम्यावरून दोन्ही नावांचा उगम एक असल्याचे अनुमान आम्ही काढीत नाही. प्रश्न निराळा आहे.

मज्झिमनिकायातील अरणविभङ्गसुत्तात भगवंतांनी भांड्याचे उदाहरण दिले आहे. एका जनपदात त्यास 'पाति' म्हणतात, दुसऱ्यात 'पत्त', तिसऱ्यात 'सराव'. आपलाच शब्द खरा, हा आग्रह कलहाचे मूळ. जेथे जो शब्द रूढ, तेथे तो वापरावा.

संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात 'इंडिया' व 'भारत' ही दोन्ही नावे नांदतात. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख भाषिक असलेली गोंडी आठव्या अनुसूचीत नाही.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यास बाबासाहेबांच्या हस्ते धम्मदीक्षा घेऊन आमच्या समाजाने लादलेले नाव टाकले व स्वतः निवडलेले नाव धारण केले. शेजाऱ्यास त्याच्या भाषेतील नावाने हाक मारणे आम्हांस तरी जड वाटू नये.