डाव्या पायाचा इतिहास

२०१६ ची बकरी ईद. माझा पुतण्या पुण्याहून नवी गाडी घेऊन डोणगावला आला होता. फियाटची अबार्थ पुंटो. दिसायला चारचौघींसारखी हॅचबॅक, पण आत १४५ अश्वशक्तीचं टर्बो पेट्रोल इंजिन, आणि पाचही गिअर हाताने टाकायचे. गल्लीतली पोरं तिच्या नाकावरच्या विंचवाच्या चिन्हावर बोटं फिरवत होती. पुतण्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. "चाचा, चलाके तो देखो."

मला गाडी येत नव्हती असं नाही. मारुती ८०० वर माझी बारा वर्षं गेली होती. मी ऐटीत बसलो, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी एक झटका मारून बंद पडली. पोरं हसली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी जास्त रेस दिली, तर इंजिन ओरडलं, गाडी उडी मारून पुढे गेली आणि करपल्याचा वास आला. चूक गाडीची नव्हती. माझा पाय अजून मारुतीतच होता.

ओट्यावर माझे मामू बसले होते. वय अडुसष्टच्या आसपास. बाराव्या वर्षी ते ट्रकवर क्लीनर म्हणून लागले, मग ड्रायव्हर झाले, आणि पुढे तीस वर्षं जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्याच्या कडेला गॅरेज चालवलं. ते उठले, खोकत खोकत आले आणि म्हणाले, "बेटा, पाव को जल्दी है, गाडी को नहीं."

त्यांनी मला उतरवलं. चप्पल काढून बाहेर ठेवली. सीट पुढे घेतली, इतकी की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहावा. मग इंजिन चालू करून, ॲक्सिलरेटरला अजिबात न शिवता, ते क्लच हळूहळू वर सोडू लागले. एका जागी इंजिनाचा आवाज किंचित दबला, गाडीचं नाक हलकंसं उचललं. तिथेच पाय थांबला. पुन्हा दाबला. पुन्हा सोडला. असं त्यांनी आठ-दहा वेळा केलं. डोळे जवळजवळ मिटलेले. मग गाडी मेहकरच्या दिशेने अशी निघाली की डॅशबोर्डवर ठेवलेली तसबीहसुद्धा हलली नाही.

परत आल्यावर मी विचारलं, "मामू, ही गाडी तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ना?" म्हणाले, "हर गाडी पहली ही होती है. पहले उसको सलाम करना, फिर चलाना."

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दांच्या मागे जायची सवय आहे. 'उस्ताद' आणि 'शागिर्द' फारसीतून आले. 'मिस्त्री' पोर्तुगीजांच्या 'मेस्त्रे'वरून आला. 'गॅरेज' मूळचा फ्रेंच, 'क्लच' इंग्रजी. आपल्या हमरस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये हे सगळे एकत्र नांदतात. या शेडचा इतिहास मात्र कुणी लिहिलेला नाही.

क्लचचं काम थोडक्यात असं. इंजिन सतत फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. एकदम जोडली तर एकतर इंजिन बंद पडेल, नाहीतर गाडी उडी मारेल. म्हणून मध्ये घर्षणाची एक तबकडी असते. ती क्लच प्लेट. स्प्रिंग तिला इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दाबून धरते. आपण पॅडल दाबलं की पकड सुटते, सोडलं की पकड येते. पकड सुरू होते आणि पूर्ण होते, या दोन टोकांमधल्या जेमतेम इंच-दोन इंचांत ड्रायव्हरची सगळी कला असते. आपल्याकडे त्याला 'हाफ क्लच' म्हणतात.

वेगवान गाडीत हे जास्त जाणवतं, त्याला कारण आहे. इंजिनाचा जोर जास्त, तर तो न घसरता पेलायला प्लेटवरचा दाबही जास्त लागतो. मग पॅडल कडक होतं, किंवा पकड एकदम येते. टर्बो इंजिनाचा खरा जोर फेरे चढल्यावर मिळतो, अगदी खाली ते नरम असतं, म्हणून सवय नसलेल्या पायाखाली ते पटकन बंद पडतं. शिवाय नव्या प्लेटचा पृष्ठभाग नीट बसायला काहीशे किलोमीटर जावे लागतात. म्हणजे पायाला गाडीची सवय व्हायची असते आणि गाडीचीही घडी अजून बसायची असते.

माणसाचा पाय हे शिकत आला त्याला सव्वाशे वर्षं झाली. सुरुवातीच्या मोटारींत शंकूच्या आकाराचा क्लच असे आणि त्यावर चामडं चढवलेलं असे. चामडं कडक झालं की पकड झटक्याने येई, म्हणून त्याला तेल पाजत. घसरायला लागलं की त्यावर मुलतानी माती टाकत. आपल्या आया-बहिणी चेहऱ्याला लावतात तीच. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर डावं पॅडल पूर्ण दाबलं की हळू गिअर, पूर्ण सोडलं की वेगाचा गिअर, आणि मधलं पॅडल मागे जाण्यासाठी! त्या गाडीवर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीत बसला की पुन्हा बिगारीत. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणलं आणि गिअर दात न खाता पडू लागले. त्याआधी गिअर बदलताना दोनदा क्लच मारावा लागे. आपल्याकडचे जुने ट्रकवाले पुढे कित्येक दशकं 'डबल क्लच' मारतच होते.

महाराष्ट्राचा डावा पाय या सगळ्यातून गेला आहे. १५ जुलै १९२६ ला मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली एसटी सुटली. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि मग पद्मिनी बाहेर पडली, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेल्या त्या गाडीने मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या पिढ्या पोसल्या. मामू ज्या गाडीवर शिकले ती जीप. ती बनवणाऱ्या कंपनीचं १९४५ मधलं मूळ नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये पाटीवरचं नाव बदललं. जीपच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं. चालत्या गाडीत तो टाकायचा तर पायाने इंजिनाशी बोलावंच लागे.

आता अबार्थकडे येतो. कार्लो अबार्थने १९४९ मध्ये इटलीत आपली कंपनी काढली. साध्यासुध्या फियाट गाड्यांचं इंजिन खुलवून त्यांना शर्यतीत उतरवणं हे त्याचं काम. त्याची रास वृश्चिक, म्हणून चिन्ह विंचू. तिकडे फियाटवर विंचू चढत होता तेव्हा इकडे त्याच फियाटवर काळा-पिवळा रंग चढत होता. २०१५ मध्ये हा विंचू आपल्या राज्यात तयार झाला, पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात. रांजणगाव पुणे-नगर रस्त्यावरच आहे. पहिली एसटी १९४८ मध्ये ज्या रस्त्याने गेली, त्याच रस्त्यावर अडुसष्ट... नव्हे, सदुसष्ट वर्षांनी ही गाडी जन्मली. वर्गात सनावळी शिकवणाऱ्याने हिशेब चुकवू नये!

या इतिहासात मालकांची नावं आहेत, कारखाने आहेत, तारखा आहेत. पाय नाहीत. वऱ्हाडातल्या कोणत्याही हमरस्त्यावर जा, गॅरेजच्या पाट्या वाचा. अनेक पाट्यांवर आपल्या लोकांची नावं दिसतील. जमीन थोडी, शिक्षण अर्धवट, नोकरीची ओळख नाही. मग पोरगा उस्तादाकडे. पहिली दोन वर्षं पाने उचलायचे आणि चहा आणायचा. उस्ताद समजावून सांगत नसे. तो प्लेट हातात देई, 'बघ' म्हणे. घासलेल्या प्लेटवरून पोराला कळू लागे की ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो, की घाटात हाफ क्लचवर गाडी तोलून धरतो. चकाकी आली म्हणजे काय, निळसर डाग पडले म्हणजे काय, एका बाजूने झीज म्हणजे काय. हे सगळं वाचन होतं. मामूंना आम्ही घरात 'अनपढ' म्हणत आलो. बीएड मी केलं, पण शिकाऊ माणसाच्या पायाकडे पाहून तो कुठे अडला आहे हे ओळखणं मला त्यांच्याइतकं कधी जमलं नाही.

आणि त्यांनी काय मोजलं, तेही सांगायला हवं. क्लच प्लेटच्या त्या अस्तरात अनेक दशकं ॲस्बेस्टॉस असे. उष्णता सोसतं, स्वस्त पडतं. प्लेट झिजली की त्याची बारीक धूळ घंटीच्या आकाराच्या झाकणात साचते. आमच्या शेडमध्ये ती धूळ तोंडाने फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवून साफ करत. मी स्वतः लहानपणी ती फुंकर मारलेली आहे. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसात बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ ला ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांसाठी निकाल दिला, आरोग्य हा त्यांचा हक्क मानला. पण कारखान्याच्या हजेरीपटावर ज्याचं नाव आहे त्याच्यासाठी निदान नोंद तरी निघते. पत्र्याच्या शेडला हजेरीपट नसतो. मामूंचा खोकला कशाचा, हे कुठल्याच कागदावर आलं नाही. २०१९ च्या हिवाळ्यात ते गेले. मी त्या धुळीवर आरोप सिद्ध करू शकत नाही. फक्त एवढं म्हणतो, आजही कुणी शागिर्द क्लच उघडत असेल तर धूळ फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला चांगला मास्क लावा. नव्या प्लेटवर ॲस्बेस्टॉस नाही असं लिहिलेलं असलं तरी जुन्या गाडीत काय बसवलंय ते कुणाला माहीत?

आता समृद्धी महामार्ग आमच्या मेहकर तालुक्यातून जातो. त्यावर एकदा शेवटचा गिअर पडला की डाव्या पायाला तासन् तास काम नसतं. पुतण्याने गेल्या वर्षी गाडी बदलली. नवी ऑटोमॅटिक आहे, तिच्यात दोनच पॅडल. पुण्याच्या गर्दीत रोज दीड तास क्लच मारून त्याचा गुडघा दुखत होता. मला त्यात गैर वाटत नाही. हातमाग गेला तेव्हा विणकराची बोटं गेली, यंत्राला त्याचं दुःख नव्हतं. पण निदान त्या बोटांचं नाव तरी कुणी लिहून ठेवावं, एवढीच अपेक्षा.

त्या ईदच्या संध्याकाळी मामूंनी मला पुन्हा गाडीत बसवलं. चप्पल काढायला लावली. रेस नाही, घाई नाही. पाचव्या की सहाव्या खेपेला माझ्या तळपायाला ती जागा कळली. इंजिन किंचित दबलं, नाक उचललं, गाडी मुकाट्याने निघाली. पोरं हसली नाहीत.

मामूंनी बाहेर पाहतच विचारलं, "सलाम हुआ?"

मी म्हणालो, "हुआ."