पुपूसा आणि तिची गाडी

लॉस एंजल्स, वॉशिंग्टन, ह्यूस्टन या अमेरिकन शहरांत रस्त्याच्या कडेला, मोटारीमागें जोडून आणलेली एक लांबट गाडी पुष्कळदां उभी दिसते. तिच्या एका अंगाला खिडकी, खिडकीमागें तापलेला लोखंडी तवा, आणि तव्यापाशीं बहुधा एकाच घरचीं माणसें. आई पीठ थापते, बाप पैसे घेतो, इंग्रजी बोलण्याचें काम मुलांकडे. फळीवर 'पुपूसा' हें नांव असतें. शेजारीं मेक्सिकोच्या 'टाको'चेंहि असतें, कारण परक्या गिऱ्हाइकाला तें ओळखीचें. परंतु हीं माणसें मेक्सिकोचीं नव्हेत. तीं मध्य अमेरिकेंतील एल् साल्वादोर या चिमुकल्या देशाचीं.

पुपूसा म्हणजे मक्याच्या पिठाची जाडसर, भरलेली भाकरी. पुरणाच्या उंड्याप्रमाणें गोळ्यांत सारण भरावयाचें : चीज, शिजवून वाटलेला लाल घेवडा, वाटलेलें डुकराचें मांस, किंवा लोरोको नांवाच्या वेलीच्या कळ्या. मग लाटणें न घेतां ती तळहातांवर थापून तव्यावर टाकतात. गिऱ्हाईक आल्यावरच ती थापली जाते. ज्याला घाई आहे त्यानें या गाडीकडे फिरकूं नये. सोबत आंबटांत मुरविलेली कोबी व टोमॅटोचा पातळ रस असतो. तुकडा हातानें मोडून, वर कोबी ठेवून खाणें हीच रीत.

या भाकरीचें मूळ फार जुनें आहे. मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून वाटण्याची युक्ति मध्य अमेरिकेच्या लोकांना हजारों वर्षांपूर्वीं साधली. चुन्यानें साल सुटते, पीठ चिकट होतें, आणि मक्यांतील नायसिन हें जीवनसत्त्व अंगीं लागतें. मका युरोपांत गेला, युक्ति मागेंच राहिली. मग नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा रोगानें ग्रासलें. (आजच्या गाड्यांवर बहुधा तयार कोरडें पीठच वापरतात, हेंहि सांगितलें पाहिजे.) इ. स. ६०० च्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेलें होया दे सेरेन हें गांव १९७६ सालीं जमीन सपाट करतांना सांपडलें. तेथें स्वयंपाकाचीं भांडीं, घेवडा आणि मक्याच्या पिकाचे ठसे मिळाले. त्यावरून पुपूसाहि तितकीच जुनी असें कांहीं अभिमानी म्हणतात. तें पटत नाहीं. चीज तर स्पॅनिश लोकांनीं गाई आणल्यानंतरचें. शिवाय शेजारचा होंडुरास देशहि पुपूसा आपलीच म्हणतो.

ती अमेरिकेच्या रस्त्यावर आली ती मात्र युद्धामुळें. २४ मार्च १९८० रोजीं आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असतां गोळी घालून ठार मारलें. त्याच वर्षीं पेटलेलें यादवी युद्ध १६ जानेवारी १९९२ च्या तहानें संपलें. मध्यंतरीं सुमारें ७५ हजार माणसें मेलीं व लक्षावधि देशोधडीला लागलीं. त्या सरकारला शस्त्रें व पैसा पुरविणारा देश आणि निर्वासितांनीं गांठलेला देश एकच : अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें. आपण पोसलेल्या सरकारच्या छळाला भिऊन हे लोक आले, असें वॉशिंग्टननें कबूल कसें करावें? १९८४ सालीं आश्रयासाठीं आलेल्या त्यांच्या अर्जांपैकीं शंभरांत तीनहि मंजूर झाले नाहींत. १९९० च्या कायद्यानें तात्पुरतें संरक्षण मिळालें, तेंहि मुदतीचें.

ज्याच्यापाशीं कागद नाहीं त्याला चांगली नोकरी कोण देणार? पुरुषांनीं बांधकामें केलीं, बायकांनीं परक्यांचीं घरें झाडलीं. पुपूसेला मात्र कोणाची शिफारस लागत नव्हती. एक तवा आणि दोन हात पुरत. कित्येकींनीं चर्चच्या दारांत व पदपथावर विकून आरंभ केला. ज्यांना पैसा सांठवितां आला त्यांनीं गाडी घेतली. अशा नाना कष्टांच्या कमाईंतून मायदेशीं जाणारी रक्कम २०२२ सालीं एल् साल्वादोरच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक होती.

त्या देशानें २००५ सालीं नोव्हेंबरचा दुसरा रविवार राष्ट्रीय पुपूसा-दिन ठरविला. लॉस एंजल्समध्यें तेव्हां पदपथावर विकणें हा गुन्हाच होता व ढकलगाड्या जप्त होत असत. २०१८ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें तो गुन्हा राहिला नाहीं. पण आरोग्यखात्याचा परवाना लागतोच, आणि त्याला पात्र ठरेल अशी गाडी घेणें पुष्कळ कुटुंबांच्या आटोक्याबाहेरचें आहे.