'ठोसर, ना. सू.' म्हणजे कोण?

'ठोसर, ना. सू.' हे कोण, सांगा बघू. नाही आठवत? बरं, 'अंबिले, तु. बो.'? तेही नाही?

पहिले समर्थ रामदास. नारायण सूर्याजी ठोसर. दुसरे आपले तुकोबा. तुकाराम बोल्होबा अंबिले.

हसू नका. आज आपल्याकडे प्रबंधाच्या संदर्भसूचीचा जो साचा विद्यार्थ्यांच्या हातात दिला जातो, तो डोळे झाकून पाळला तर तुकोबा असेच छापले जातील. मी पडलो पत्रकार. पण तालुक्याच्या गावात 'लिहिणारा माणूस' म्हटलं की एम.ए., पीएच.डी.ची पोरं-पोरी प्रबंध तपासायला घेऊन येतात. प्रकरणं बरी असतात, घाम फुटतो तो शेवटच्या दहा पानांवर. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं. संतसाहित्यावर काम करणाऱ्या एका मुलीची सूची परत आली होती. ज्ञानेश्वरांच्या नावापुढे लाल पेनानं शेरा : 'लेखकाचे आडनाव लिहावे.' ती मला विचारते, "सर, घराण्याकडे आपेगावचं कुलकर्णीपण होतं म्हणतात. 'कुलकर्णी, ज्ञा. वि.' लिहू का?"

तिला काय सांगितलं ते पुढे येईलच. आधी हा नियम आला कुठून ते बघू.

ब्रिटिश म्युझियममध्ये पुस्तकांचे ढीग वाढले, तेव्हा अँथनी पानिझ्झी यांच्या देखरेखीखाली १८४१ साली सूची करण्याचे ९१ नियम छापले गेले. अमेरिकेत चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये आपले नियम काढले. पुढे लेखनाच्या नियमपुस्तिका आल्या. शिकागोची १९०६ ची. आपल्या विद्यापीठांत जिचं नाव सारखं कानावर पडतं ती 'एपीए' पद्धत १९२९ साली मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात अवघ्या सात पानांचा लेख म्हणून सुरू झाली. हे सगळे नियम शहाण्या माणसांनीच केले. पण त्यांच्यासमोर जो समाज होता, त्यात आडनाव कित्येक शतकं आधीच पक्कं झालेलं होतं. आणि युरोपातही सगळीकडे तसं नाही बरं का. आइसलँडमध्ये बहुतेकांच्या नावातला दुसरा शब्द 'अमक्याचा मुलगा' किंवा 'अमक्याची मुलगी' एवढंच सांगतो. म्हणून तिथली छापील टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावानं लावलेली असायची.

आता आपल्याकडचं बघा. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही मुळात कामं, वतनं. 'कर' लागलेली आडनावं गावावरून आलेली. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांचा व्यवसाय धरला आणि फुले झाले. म्हणजे आडनाव वाहतं होतं. इंग्रजी शाळा, कोर्टकचेऱ्या, नोकऱ्या आल्या तसं ते दाखल्यावर घट्ट बसत गेलं. त्याआधीचा माणूस स्वतःच्या नावानं ओळखला जाई. अभंगाच्या शेवटी येते ती नाममुद्रा बघा ना. तिथे ना आडनाव, ना आद्याक्षर.

गंमत अशी की ग्रंथालयवाल्यांना हे फार पूर्वीच कळलं होतं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात ते एस. आर. रंगनाथन यांचंच नाव घ्या. शियाळी हे गाव, रामामृत हे वडील आणि रंगनाथन हे त्यांचं स्वतःचं नाव. आडनाव नाहीच! आपण 'रंगनाथन, एस. आर.' लिहितो तेव्हा ते बरोबर येतं, पण नियमानं नाही, योगायोगानं. रंगनाथन यांनी १९३४ मध्ये सूचीकरणाची स्वतःची संहिताच लिहिली.

१९६१ साली पॅरिसला सूचीकरणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे तत्त्व ठरलं की लेखकाच्या नावातला कुठला शब्द आधी घ्यायचा, हे शक्यतो त्याच्या देशातल्या रूढीवरून ठरवावं. मग देशोदेशीच्या नावांच्या चालीरीतींचं एक पुस्तकच निघालं. आणि १९७८ च्या अँग्लो-अमेरिकन नियमांत भारतीय नावांसाठी वेगळं कलम आहे : साधारण १९व्या शतकाच्या मध्याआधीचा लेखक असेल तर त्याच्या स्वतःच्या नावाखाली नोंद करा, नंतरचा असेल आणि आडनाव असेल तर आडनावाखाली. म्हणजे तुकाराम 'तुकाराम'खाली, जोतीराव 'फुले'खाली. १७व्या शतकातल्या संत बहिणाबाई 'बहिणाबाई'खाली आणि खानदेशच्या बहिणाबाई (१८८०-१९५१) 'चौधरी'खाली. किती सोपं!

त्या मुलीला मी हेच सांगितलं. 'ज्ञानेश्वर' एवढंच लिही, स्वल्पविराम देऊ नकोस, आणि कुणी विचारलं तर ग्रंथालयाचा नियम दाखव.

मग अडलंय कुठे? अडलंय फॉर्ममध्ये. सूची आता सॉफ्टवेअर करतं. त्याला दोन रकाने भरून हवे असतात, फर्स्ट नेम आणि लास्ट नेम. ग्रंथपाल विचार करायचा, रकाना विचार करत नाही. 'ग्रेस' भरायला गेलात तर एक रकाना मोकळा राहतो आणि लाल चांदणी लुकलुकायला लागते.

हा नुसता विनोद असता तर एवढं लिहिलं नसतं. यात माणसं हरवतात. आणि बहुतेक वेळा बायका हरवतात.

पंडिता रमाबाईंचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' १८८७ मध्ये फिलाडेल्फियात छापलं गेलं. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या दोन्ही त्यांना कलकत्त्यात मिळालेल्या पदव्या. माहेरच्या डोंगरे, सासरच्या मेधावी. आता साच्यात घाला. कुठे 'सरस्वती, पी. आर.' होतं, कुठे 'रमाबाई, पी.' यातला 'पी' म्हणजे पंडिता! पदवीचं आद्याक्षर झालं. डॉक्टर आंबेडकरांना कुणी 'आंबेडकर, डी.' लिहिलं तर आपण ऐकून घेऊ का?

आमच्या वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. पुढे ते पुस्तक विस्मरणात गेलं, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापलं तेव्हा लोकांना कळलं. इंग्रजी सूचीत ते 'शिंदे, टी.' होतं. त्या पुस्तकाचं सगळं मोल हे की त्या काळात एका बाईनं ते लिहिलं, आणि सूचीत नेमकी बाईच दिसत नाही. उलट 'प्रभु, आरती' वाचून नव्या वाचकाला वाटतं कवयित्री असावी. प्रत्यक्षात ते चिं. त्र्यं. खानोलकर.

१९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं आणि ही विभावरी शिरूरकर कोण, यावर महाराष्ट्रात गदारोळ झाला. लग्नाआधीच्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर. बाई एकच. संगणकाला मात्र या तीन वेगळ्या लेखिका. तिघींची पुस्तकं एकत्र आणायची तर 'पाहा : शिरूरकर, विभावरी' अशी चिठ्ठी कुणीतरी माणसानंच लावावी लागते.

कुणी म्हणेल, आता ऑर्किड क्रमांक आहे की! २०१२ पासून संशोधकांना १६ अंकी ओळख मिळते. मान्य. जिवंत माणसासाठी उत्तम सोय आहे. जनाबाईंनी तो कुठून काढायचा?

आणि हा प्रश्न फक्त जुन्यांचा नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आपल्या राज्यानं ठरवला. चांगला निर्णय आहे. पण ही पोरं वीस-पंचवीस वर्षांनी काही लिहितील, तेव्हा 'मिडल नेम'च्या एका रकान्यात कुणाला बसवणार? जागा एकच असली तर आई आणि बाप यांतलं कोण गळेल, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. शासनानं कागदावर आणलेली आई रकान्यानं काढून टाकायला नको.

करायचं काय, तर फार नाही. मराठी सूचीत लेखकाचं नाव पूर्ण लिहावं, आद्याक्षरांत मारू नये. संत आणि जुने कवी लोक ज्या नावानं ओळखतात त्याच नावानं. टोपणनाव पुस्तकावर असेल तसं, शेजारी कंसात खरं नाव. पदवीला नाव समजू नये. विद्यापीठांनी यावर मराठीत एक पानाची सूचना काढली तरी शेकडो पोरांचा त्रास वाचेल. अभ्यासमंडळांवर असलेले काही जण ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. सर, मॅडम, पुढच्या बैठकीत हा विषय घ्याच.

बाकीच्यांनी कमेंटमध्ये सांगा : फॉर्मच्या रकान्यात तुमच्या नावाचं काय झालंय?