मास्त्रिख्तचे डोमिनिकन चर्च

नेदरलंड्समधील मास्त्रिख्त नगरीत डोमिनिकन संन्याशांनी उभारलेल्या गॉथिक चर्चचा पवित्रीकरणविधी १२९४ मध्ये झाला. संत टॉमस अक्वायनस यांचे चरित्र दर्शविणारे १३३७ चे भित्तिचित्र तेथे आजही आहे. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने नगर जिंकले आणि पुढे उपासना संपुष्टात आली. त्यानंतर या वास्तूने कोठारापासून सायकलींच्या तळापर्यंत नाना अवस्था भोगल्या. २००६ च्या अखेरीस तेथे ग्रंथभांडार आले. मूळ भिंतींपासून अलग असे तीन मजली पोलादी कपाट आत उभारले गेले. उद्या ते काढले, तरी वास्तू अबाधित राहील. २०१४ मध्ये मालक संस्थेचे दिवाळे निघाले, तेव्हा वाचकांनी लोकवर्गणी जमवून भांडार तगविले. विद्याव्यासंगी संघाच्या वास्तूत ग्रंथच नांदावेत, हे औचित्य लहान नव्हे. जुनी वास्तू माणसांच्या वावरानेच जगते, हे मास्त्रिख्तकरांनी ओळखले.