डेम्पस्टरची वाट

निर्मनुष्य प्रदेशातून एकट्याने मोटार हाकीत जाणारा प्रवासी स्वतःस पूर्ण स्वावलंबी समजतो. ही समजूत कितपत खरी, याची पारख कॅनडाच्या उत्तरेकडील डेम्पस्टर मार्गावर चांगली होते. युकॉनमधील डॉसन शहराच्या पूर्वेस सुमारे २५ मैलांवर हा खडीचा रस्ता मुख्य सडकेपासून फुटतो आणि डोंगर व वृक्षहीन माळ ओलांडून, ध्रुववृत्ताच्या पलीकडे इनुविक गावी पोहोचतो. लांबी सुमारे ४६० मैल. आणि फाट्यापासून पेट्रोलचा पहिला पंप सुमारे २३० मैलांवर!

मोटारी येण्यापूर्वी या मुलखातून कुत्र्यांच्या बर्फगाड्यांची वाट जात असे. फोर्ट मॅकफर्सन व डॉसन या ठाण्यांमध्ये घोडदळ पोलिसांची तुकडी दर हिवाळ्यात टपाल नेई. २१ डिसेंबर १९१० रोजी इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड हा तीन सोबती व पंधरा कुत्री घेऊन मॅकफर्सनहून निघाला. बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहण समारंभासाठी लंडनला जाणाऱ्या पथकात त्याची निवड झाली होती. प्रवास विक्रमी वेगाने उरकावा, म्हणून त्याने शिधा बेताचाच घेतला. तेथील मूळ रहिवासी ग्विचिन लोक. त्यांपैकी एक वाटाड्या काही दिवस बरोबर होता. परंतु १ जानेवारी रोजी त्यास परत पाठविण्यात आले. पुढची भिस्त कार्टर या माजी शिपायावर. तो या वाटेने केवळ एकदा, चार वर्षांपूर्वी, आणि तोही उलट दिशेने गेला होता.

डोंगर ओलांडण्यासाठी ज्या ओढ्याच्या कडेने वळावयाचे, तो ओढाच कार्टरला सापडेना. एक आठवडा शोधात गेला. १८ जानेवारीस ते माघारी वळले, तेव्हा जवळ थोडे पीठ, थोडे खारविलेले मांस व काही सुके मासे एवढेच उरले होते. पुढे कुत्री मारून खाण्याची पाळी आली. फिट्झजेराल्डची दैनंदिनी ५ फेब्रुवारीस थांबते. दोघांनी मॅकफर्सनपासून सुमारे ३५ मैलांवर प्राण सोडले. फिट्झजेराल्ड व कार्टर आणखी दहा मैल पुढे गेले, आणि तेथेच संपले. मरणापूर्वी फिट्झजेराल्डने जळक्या काडीच्या कोळशाने कागदाच्या तुकड्यावर मृत्युपत्र लिहिले व सर्व काही आईच्या नावे केले.

२८ फेब्रुवारी १९११ रोजी कॉर्पोरल डेम्पस्टर डॉसनहून त्यांच्या शोधार्थ निघाला. त्यानेही वेग साधला. परंतु त्याच्याबरोबर चार्ली स्ट्युअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. मार्चच्या २१ व २२ तारखांस त्यांना चारही प्रेते सापडली. त्यानंतर पोलिसांनी वाटेवर खुणा केल्या, ठिकठिकाणी शिधा साठविला, आणि स्थानिक वाटाड्या घेण्याचा परिपाठ पडला. चार जीव गेल्यावर हे शहाणपण आले.

पुढे नव्या रस्त्यास त्या डेम्पस्टरचेच नाव मिळाले. १९५९ साली काम सुरू झाले, मध्यंतरी ते काही वर्षे बंद पडले, आणि १९७९ साली रस्ता खुला झाला. तेथील जमीन खाली बारमाही गोठलेली. ती खणली की बर्फ वितळते व वरचा रस्ता खचतो. म्हणून इंजिनियरांनी जमीन न खोदता तिच्यावर चार ते आठ फूट जाडीचा खडीचा थर अंथरला. हे पांघरूण ऊब देण्यासाठी नव्हे, तर थंडी टिकवून धरण्यासाठी! पील व मॅकेन्झी या नद्या उन्हाळ्यात तरीने आणि हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून ओलांडाव्या लागतात. बर्फ धरण्याच्या व फुटण्याच्या दिवसांत काही आठवडे रस्ता तुटलेलाच असतो.

आज या रस्त्याने एकटा निघणारा प्रवासी जादा चाके, पेट्रोल व अन्न बरोबर घेतो, नदीची स्थिती विचारतो आणि मगच पुढे जातो. त्याच्या शेजारची जागा रिकामी असली, तरी तो सर्वस्वी एकटा नसतो. तरीवाला, खडी पसरणारा मजूर, पंप सांभाळणारा मनुष्य यांच्या भरवशावर त्याची गाडी चालते. फिट्झजेराल्ड धैर्यात उणा नव्हता. त्या भूमीची माहिती असणाऱ्या माणसावाचून आपले अडणार नाही, हा त्याचा हिशेब मात्र चुकला.