करणी: जी मिळत नाही ती वेगळी ठेवा

'करणीला सरळ रूप द्या' ही गणितं आपण सगळ्यांनी शाळेत सोडवली. √८ चं २√२ करायचं, सजातीय करण्या मिळवायच्या, विजातीय तशाच ठेवायच्या. हे 'तशाच ठेवणं' मला महत्त्वाचं वाटतं.

'करणी' म्हणजे करणारी. शुल्बसूत्रांत वेदी दोरीने आखत. चौरसाच्या कर्णाएवढ्या दोरीवर चौरस काढला की क्षेत्रफळ दुप्पट. म्हणून ती द्विकरणी. बौधायनाने दिलेल्या रीतीने तिची लांबी ५७७/४०८ येते. पहिली पाच दशांश स्थळं बरोबर! पण ती कुठल्याच अपूर्णांकात नेमकी बसत नाही, याची सिद्धता तिथे नाही. ती ग्रीकांकडे आहे, हे अभिमान बाजूला ठेवून मान्य करावं. प्लेटोच्या 'थिएटेटस' संवादात थिओडोरस ३, ५ असं करत १७ पर्यंत येतो आणि थांबतो. त्यांना प्रश्न पडला तो असा, की जिला मापच नाही तिला संख्या म्हणायचं का?

आता भास्कराचार्य, बारावं शतक. त्यांच्या 'बीजगणिता'त करणीची सहा कृत्यं आहेत, आणि तिथे हा प्रश्न आडवा येत नाही. बेरजेची रीत बघा. उदाहरण त्यांचंच, २ आणि ८. दोन्हींची बेरीज १०, ही 'महती'. गुणाकार १६, त्याचं मूळ ४, दुप्पट ८, हे 'लघु'. महतीत लघु मिळवलं की १८, वजा केलं की २. म्हणजे √२ आणि √८ यांची बेरीज √१८, वजाबाकी √२. आपल्या रीतीने करा, ३√२ आणि √२ च येतात. गंमत म्हणजे अवयव पाडावेच लागत नाहीत. गुणाकार पूर्ण वर्ग आला की करण्या सजातीय. परीक्षा आणि उत्तर एकाच फटक्यात! घरी १८ आणि ५० घेऊन बघा, १२८ यायला हवेत.

मग ते ३ आणि ७ देतात. गुणाकार २१, मूळ नाही. अशा वेळी नियम सांगतो, वेगळ्या ठेवा. √३ + √७, झालं उत्तर. विद्यार्थी इथे अडखळतो, 'सर, अजून काहीतरी राहिलंय' म्हणतो. राहिलेलं काही नसतं. दोन पदांची ती एकच संख्या आहे, आणि पुढे तिला गुणताही येतं, तिने भागताही येतं.

भागाकाराचं, म्हणजे छेदाच्या परिमेयीकरणाचं, पुढच्या वेळी बोलू. तेही याच प्रकरणात आहे.