पुण्यात तयार झालेल्या ‘डीबी स्पेक्ट्रम’ला आज मेमरी आणि हार्ड डिस्क कशी जोडतात?

समजा, गारगोटीतल्या एखाद्या घराचा माळा साफ करताना पत्र्याच्या ट्रंकेत एक काळा, जाडजूड कीबोर्ड सापडला. सोबत चार-पाच ऑडिओ कॅसेट. कॅसेट वाजवून पाहिली तर गाणं नाही, नुसती कर्कश चिरचिर. घरातले म्हणतील, द्या भंगारात.

जरा थांबा. तो नुसता कीबोर्ड नसून अख्खा कॉम्प्युटर असू शकतो. आणि ती चिरचिर म्हणजे पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी रात्र जागून लिहिलेला प्रोग्रॅम असू शकतो.

हा कॉम्प्युटर आला कुठून?

ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने १९८२ मध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ बाजारात आणला. १९८४ मध्ये त्याचं सुधारित रूप आलं, ‘स्पेक्ट्रम प्लस’. त्याच दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने रीतसर परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात विकला. घरच्या टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचे.

मेमरी किती? ४८ केबी. तुमच्या मोबाईलमधल्या अडीच एमबीच्या एका फोटोत असे पन्नास स्पेक्ट्रम मावतील.

मेमरी अडते कुठे?

स्पेक्ट्रममध्ये झेड८० नावाचा प्रोसेसर आहे. मेमरीतला पत्ता सांगायला त्याच्याकडे १६ तारा आहेत. प्रत्येक तार चालू किंवा बंद, म्हणजे एकूण पत्ते होतात ६५,५३६. यालाच आपण ६४ केबी म्हणतो. त्यातले १६ केबी कंपनीने भरून दिलेल्या रॉमला जातात, उरतात ४८. म्हणजे आणखी चिप नुसत्या डकवून काही होत नाही. प्रोसेसरकडे त्यांच्यासाठी पत्ताच शिल्लक नाही.

मग १९८५-८६ मध्ये आलेल्या स्पेक्ट्रममध्ये १२८ केबी कशी बसली?

एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. फलाट एकच, पण गाड्या आठ. ज्या गाडीची वेळ, ती फलाटावर लागते, बाकीच्या मागे उभ्या. इथेही तसंच. १६ केबीचे आठ भाग असतात आणि वरच्या १६ केबीच्या जागेत एका वेळी त्यातला एकच भाग लागतो. कोणता लावायचा ते प्रोग्रॅम ठरवतो. याला बँक स्विचिंग म्हणतात. ४८ केबीच्या मशीनमध्ये ही सोय करणारे छोटे बोर्ड हौशी लोक आजही बसवतात.

एक जुनी युक्ती तर भारीच आहे. पैसे वाचवायला सिंक्लेअरने वरच्या ३२ केबीसाठी अर्ध्या खराब निघालेल्या ६४ केबिटच्या चिप वापरल्या होत्या. चांगला अर्धा भाग वापरायचा, खराब सोडून द्यायचा. लोकांनी त्या काढून पूर्ण चांगल्या चिप बसवल्या, अदलाबदलीसाठी एक स्विच जोडला आणि मशीन ४८ वरून ८० केबीवर नेलं.

आधी आहे ती मेमरी तपासा

मशीन चालू केल्यावर पडद्यावर सिंक्लेअरचं नाव आणि १९८२ हे साल दिसलं, तर खालची १६ केबी मेमरी बहुधा ठीक आहे. मग बेसिकमध्ये ही ओळ द्या:

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

अर्थात मशीनवर ती इंग्रजीत. आणि शब्द अक्षर-अक्षर टाइप होत नाही, ‘पी’ दाबलं की अख्खा ‘प्रिंट’ उमटतो. उत्तर ६५,५३५ आलं तर ४८ केबी शाबूत. ३२,७६७ आलं तर वरची ३२ केबी मशीनला दिसतच नाही. अशा वेळी वाढवण्याआधी दुरुस्ती.

हार्ड डिस्क कशी जोडतात?

कॅसेटवरून ४८ केबीचा गेम चढायला चार-पाच मिनिटं लागायची आणि शेवटच्या क्षणी एरर आली की पुन्हा पहिल्यापासून. सिंक्लेअरने १९८३ मध्ये मायक्रोड्राइव्ह काढला. त्याच्या एका छोट्या टेपवर साधारण ८५ केबी मावायचे.

हार्ड डिस्कचा आजचा प्रचलित मार्ग म्हणजे ‘डिव्हआयडीई’. चेक हौशी पावेल सिंबाल यांनी २००२ च्या सुमारास तयार केलेलं हे कार्ड मशीनच्या मागच्या खाचेत बसतं. त्याला आयडीई हार्ड डिस्क किंवा कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लागतं. त्याचाच पुढचा भाऊ ‘डिव्हएमएमसी’ एसडी कार्ड वापरतो.

हे कार्ड प्रोसेसरवर सतत नजर ठेवून असतं. रॉममधला ‘कॅसेट वाच’ हा भाग सुरू झाला, की त्या क्षणी ते रॉमच्या जागी स्वतःची मेमरी पुढे करतं आणि माहिती डिस्कवरून देतं. गेमला वाटतं, कॅसेटच चालू आहे.

जोडण्याचा क्रम असा:

१. कार्ड पीसीवर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा.
२. ‘ईएसएक्सडॉस’ या सिस्टीमचे फोल्डर त्यावर सगळ्यात बाहेर ठेवा. आवृत्ती इंटरफेसमधल्या फर्मवेअरशी जुळलीच पाहिजे, बहुतेकांचं इथेच अडतं.
३. टॅप फॉरमॅटमधले प्रोग्रॅम कॉपी करा.
४. मशीन बंद असतानाच इंटरफेस लावा, मग चालू करून त्यावरचं बटण दाबा. फाइलींची यादी दिसेल.

खरी हार्ड डिस्क लावणार असाल तर तिला वेगळा वीजपुरवठा द्या.

मशीन कशाने जळतं?

पहिलं कारण ॲडॉप्टर. मूळ स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनचा मधला भाग ऋण असतो. आजच्या बहुतेक ॲडॉप्टरमध्ये तो धन असतो. त्यामुळे बसतोय म्हणून लावू नका.

दुसरं कारण, चालू मशीनमध्ये मागची जोडणी काढणं-घालणं. खालच्या मेमरीच्या ४११६ जातीच्या चिपना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, +१२, +५ आणि -५. धक्क्याने त्यातला -५ गेला की चिप मरतात.

पण सगळ्यात आधी कॅसेट

चिप पुन्हा मिळतात, इंटरफेस मागवता येतो. टेपवरचा थर मात्र दरवर्षी थोडा थोडा जातो. नावाजलेले गेम जगभरात अनेकांनी जपून ठेवलेत. पण पुण्या-कोल्हापुरातल्या एखाद्या शाळकरी पोराने लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्रॅम त्या एकाच कॅसेटवर असेल.

म्हणून मशीन उघडण्याआधी टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपला जोडा, ४४,१०० हर्ट्झवर मोनो रेकॉर्डिंग करा आणि वेव्ह फाइल जपून ठेवा. ती टॅपमध्ये बदलणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. एकदा ते जमलं की तीच फाइल कार्डवर टाका. चार मिनिटांची चिरचिर दोन-चार सेकंदांत पडद्यावर येईल, आणि ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला होता त्याला फोन करून बोलावता येईल.